सहा मीटर पॅकिंग आणि पन्नास छिद्रे

अ‍ॅसिटोनची वाफ मिसळलेली हवा खालून वर आणि पाणी वरून खाली, अशा विरुद्धप्रवाही शोषण कॉलमची आखणी पहिल्यांदा माझ्या एकट्याच्या जबाबदारीवर आली, तेव्हा माझ्याकडून दोनच उत्तरे हवी होती: व्यास किती आणि पॅकिंगची, म्हणजे पाणी व हवा यांची गाठ पडावी म्हणून कॉलममध्ये भरलेल्या तुकड्यांच्या थराची, उंची किती. हवेचा प्रवाह तासाला १०० किलोमोल होता, तिच्यात अ‍ॅसिटोन २ मोल टक्के, म्हणजे शंभर रेणूंमागे दोन रेणू, होते आणि बाहेर पडताना ते ०.१ टक्क्याच्या वर असू नये, अशी अट होती. म्हणजे ९५ टक्के अ‍ॅसिटोन पाण्यात उतरवायचे होते. अभ्यासक्रमात असली गणिते मी अनेकदा सोडवली होती आणि त्यामुळे हे काम आठवड्याभरात हातावेगळे होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात पहिल्या कागदापासून समाधानकारक चाचणीपर्यंत कित्येक महिने गेले, आणि त्यातील बराच वेळ ज्या गोष्टींवर खर्च झाला त्या माझ्या पहिल्या कागदावर नव्हत्याच.

सुरुवात संतुलनाच्या, म्हणजे हवा आणि पाणी यांच्यातील अ‍ॅसिटोनची निव्वळ देवाणघेवाण थांबते त्या स्थितीच्या, आकड्यांपासून केली. इतक्या विरल द्रावणात संतुलनाची रेषा जवळजवळ सरळ असते. साधारण २७ अंश सेल्सिअसला आणि वातावरणीय दाबाला हवेतील अ‍ॅसिटोनचा मोल अंश हा पाण्यातील मोल अंशाच्या सुमारे अडीच पट असतो. हा अडीचचा उतार हाती आला की विरुद्धप्रवाहाचे महत्त्व एका छोट्या हिशेबात दिसते. हवा आणि पाणी दोन्ही एकाच दिशेने सोडले, तर बाहेर पडणारी हवा फार तर बाहेर पडणाऱ्या, म्हणजे अ‍ॅसिटोनने आधीच भरलेल्या, पाण्याशी संतुलनात येईल. मी पुढे जितके पाणी ठरवले तितकेच घेऊन हा हिशेब केला, तेव्हा कॉलम कितीही उंच केला तरी हवेत ०.८६ टक्के अ‍ॅसिटोन उरणारच, असे उत्तर आले. उलट दिशेने पाणी सोडले की वर पोहोचलेल्या, जवळजवळ स्वच्छ झालेल्या हवेची गाठ ताज्या पाण्याशी पडते, आणि खाली अ‍ॅसिटोनने भरत आलेल्या पाण्याची गाठ सर्वांत जास्त अ‍ॅसिटोन असलेल्या हवेशी पडते. संपूर्ण उंचीभर दोघांमध्ये थोडेसे अंतर कायम राहते. या अंतरालाच आपण चालक बल म्हणतो, आणि कॉलमची आखणी म्हणजे मुख्यतः हे अंतर कोठे किती उरते याचा हिशेब असतो, हे मला या कामात हळूहळू उमगत गेले.

पाण्याचे किमान प्रमाण काढणे सोपे होते. कॉलमच्या तळाशी बाहेर पडणारे पाणी आत येणाऱ्या हवेशी संतुलनात आहे असे धरले, तर त्यात अ‍ॅसिटोनचा मोल अंश ०.००८ होतो, आणि हवेच्या प्रत्येक मोलामागे २.३७५ मोल पाणी लागते. या किमान प्रमाणावर आलेखातील कार्यरेषा (प्रत्येक उंचीवर हवेत आणि पाण्यात प्रत्यक्ष किती अ‍ॅसिटोन आहे ते दाखवणारी) आणि संतुलनरेषा तळाशी एकमेकींना टेकतात, चालक बल तेथे शून्य होते आणि उंची अनंत होते. म्हणून पाणी त्याहून अधिक घ्यावे लागते. किती अधिक, हा निर्णय मात्र सूत्र देत नाही. मी तीन पर्याय मांडले. किमानाच्या १.१ पट पाणी घेतले तर सुमारे १४ स्थानांतरण एकके (काम किती अवघड आहे याचे माप; त्यांच्या प्रमाणात पॅकिंगची उंची वाढते) लागत होती, १.४ पट घेतले तर ७, आणि दुप्पट घेतले तर ४.९. पहिल्या उडीत उंची निम्मी होते. दुसऱ्या उडीत पाणी त्याहून जास्त वाढवूनही तितका लाभ होत नाही. शिवाय हे पाणी पुढे दुसऱ्या कॉलममध्ये वाफेने तापवून त्यातले अ‍ॅसिटोन परत मिळवायचे होते, त्यामुळे प्रत्येक जादा लिटर पाणी म्हणजे जादा वाफ. मी १.४ पट निवडले. तासाला ३३२.५ किलोमोल, म्हणजे जवळपास ६,००० लिटर पाणी.

स्थानांतरण एकक ही कल्पना चिल्टन आणि कोलबर्न यांनी १९३५ मध्ये मांडली आणि मला ती आजही अतिशय सुंदर वाटते. एका बाजूला काम किती अवघड आहे याचे मोजमाप, म्हणजे एककांची संख्या, आणि दुसऱ्या बाजूला पॅकिंग ते काम किती चांगले करते याचे मोजमाप, म्हणजे एका एककाची उंची. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॅकिंगची एकूण उंची. पहिला आकडा संतुलन आणि प्रवाह यांवरून बराचसा नेमका काढता येतो. दुसरा आकडा तितका विश्वासाचा नसतो. वायूच्या बाजूचा आणि द्रवाच्या बाजूचा असे दोन्ही पातळ थरांचे विरोध त्यात मिसळलेले असतात (दोन थरांचे हे चित्र व्हिटमन यांनी १९२३ मध्ये दिले), आणि पॅकिंगचा किती पृष्ठभाग खरोखर ओला होतो यावर तो अवलंबून असतो. २५ मिलिमीटरच्या धातूच्या पॅल रिंगसाठी (पॅकिंग म्हणून भरायच्या, खिडक्या असलेल्या पोकळ कड्यांसाठी) मी वापरलेली दोन वेगवेगळी समीकरणे ०.४५ मीटर आणि ०.७ मीटर अशी उत्तरे देत होती. पुरवठादाराची माहिती आणि ही दोन उत्तरे समोर ठेवून मी ०.६ मीटर धरले. सात एकके गुणिले ०.६ मीटर, म्हणजे ४.२ मीटर. माझा पहिला कागद येथे संपला होता.

तो कागद मी आमच्या विभागातील ज्येष्ठ अभियंत्या असलेल्या मॅडमना दाखवला. त्यांनी आलेख पाहिला, माझी कार्यरेषा उभ्या अक्षावर जेथून सुरू होत होती तेथे पेन्सिलीचे टोक ठेवले आणि विचारले, “वरून येणाऱ्या पाण्यात अ‍ॅसिटोन शून्य आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले?”

कोणीच सांगितले नव्हते. उदाहरणांत नेहमी शुद्ध पाणी असते, म्हणून मी ते शुद्ध धरले होते. आमचे पाणी तर त्या दुसऱ्या कॉलममधून अ‍ॅसिटोन काढून, थंड होऊन, फिरून परत येणार होते आणि त्यात अ‍ॅसिटोनचा अंश उरणारच होता. त्या पाण्याचा मोल अंश ०.०००४ असेल, तर त्याच्याशी संतुलनात असलेल्या हवेचा मोल अंश ०.००१ होतो. हीच तर आमची बाहेर पडण्याची मर्यादा होती. म्हणजे पाण्यात दहा हजार रेणूंमागे केवळ चार रेणू अ‍ॅसिटोनचे असते, तरी कॉलमच्या माथ्यावर चालक बल शून्य झाले असते आणि आम्ही पॅकिंग कितीही रचले असते तरी हवा हव्या त्या शुद्धतेची झाली नसती. चार नव्हे तर दोन रेणू असते, तर ७ ऐवजी साडेनऊ एकके लागली असती. तळाशी रेषा टेकू नयेत याची काळजी मी घेतली होती. माथ्यावरही त्या टेकू शकतात याकडे माझे लक्षच नव्हते. त्या दिवसापासून कोणत्याही कॉलमच्या आलेखात मी आधी दोन्ही टोके पाहतो आणि मगच मधला भाग.

यापुढचे काम गणितापेक्षा वाटाघाटीचे होते. पाणी शुद्ध करणाऱ्या कॉलमची आखणी दुसऱ्या सहकाऱ्याकडे होती. त्याच्या कॉलममधून येणारे पाणी जितके स्वच्छ, तितका माझा कॉलम लहान आणि त्याचा मोठा. बऱ्याच चर्चेनंतर ०.०००१ या मोल अंशावर आम्ही थांबलो. त्यामुळे माझ्याकडे ८ एकके आली आणि उंची ४.८ मीटर झाली. दोन कॉलम एकमेकांना पाणी देत असतील, तर त्यांची आखणी वेगवेगळ्या टेबलांवर करणे धोक्याचे आहे असे माझे ठाम मत तेव्हा झाले, आणि ते अजून बदललेले नाही.

दुसरा प्रश्न तापमानाचा होता आणि तो मला अधिक अस्वस्थ करणारा वाटला. अ‍ॅसिटोन पाण्यात विरघळताना उष्णता सोडते. तासाला १.९ किलोमोल अ‍ॅसिटोन ६,००० किलो पाण्यात उतरले, तर पाणी तळाशी पोहोचेपर्यंत सुमारे ३ अंशांनी तापते. हवा कोरडी असेल तर काही पाणी बाष्प होऊन थोडा गारवा देते, पण त्याच्या भरवशावर राहायचे नाही असे मी ठरवले. तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. संतुलनाचा उतार मात्र त्याने सुमारे १७ टक्क्यांनी चढतो, आणि तळाशी जे चालक बल ०.००५५ होते ते ०.००३० वर येते, म्हणजे जवळपास निम्मे. कार्यरेषा आहे तेथेच राहते, संतुलनरेषा वाकून तिच्या जवळ सरकते. अशा वाकलेल्या रेषेला सरळ रेषेचे सूत्र लागू पडत नाही, म्हणून उंचीचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यातले चालक बल काढून मी बेरीज केली. ८ ची ९.२ एकके झाली. उंची साडेपाच मीटर.

याच वेळी मी आणखी एक हिशेब केला आणि तो करायला नको होता असे क्षणभर वाटले. आत येणारे पाणीच दहा अंशांनी गरम असेल तर काय? तेव्हा उतार दीडपटीहून अधिक वाढून ४ च्या आसपास जातो. पाणी आणि हवेचे गुणोत्तर ३.३२५ आहे, त्याला ४ ने भागले की ०.८३ येते. शोषणाचा हा गुणक १ च्या खाली गेला की उंचीचा उपयोग संपतो. अनंत उंचीच्या कॉलममध्येही मग फार तर ८३ टक्के अ‍ॅसिटोन शोषले जाईल, ९५ टक्के कधीच नाही. म्हणजे आत येणारे पाणी थंड करणारा उष्णता विनिमयक, ज्याचा माझ्या कामाशी संबंध नाही असे मी समजत होतो, तोच माझ्या कॉलमचा खरा आधार होता. पाण्याचे तापमान मर्यादेबाहेर गेल्यास धोक्याची सूचना देणारा मापक मी आग्रहाने आराखड्यात घालून घेतला. पॅकिंगची उंची शेवटी ६ मीटर ठरवली.

व्यासाचे काम त्या मानाने लवकर आटोपले. व्यास ठरतो तो वायूच्या वेगावरून. वेग फार वाढवला तर वर जाणारी हवा खाली येणारे पाणी अडवून धरते, पॅकिंगमध्ये पाणी साचत जाते, दाबातील घट एकाएकी वाढते आणि कॉलम तुंबतो. यालाच फ्लडिंग म्हणतात. तासाला १०० किलोमोल हवा म्हणजे सेकंदाला ०.६८ घनमीटर. व्यास ८० सेंटीमीटर घेतला तर वेग सेकंदाला १.३५ मीटर येतो, आणि तो माझ्या हिशेबाने फ्लडिंगच्या वेगाच्या ६० टक्क्यांच्या आसपास होता. पॅकिंगच्या दर मीटरमागे दाबाची घट सुमारे २० मिलिमीटर पाण्याइतकी अपेक्षित होती, म्हणजे एकूण १२० मिलिमीटर. पंख्याला ती झेपत होती. पुढेमागे हवा थोडी वाढवावी लागली तरी जागा होती.

कॉलम उभा राहिला, पॅल रिंग भरल्या गेल्या, पाणी आणि हवा सुरू झाली. दाबाची घट अपेक्षेइतकी आली. पाण्याचे तापमान बरोबर होते, परत येणाऱ्या पाण्याची शुद्धताही ठरल्याप्रमाणे होती. बाहेर पडणाऱ्या हवेत ०.०९ टक्के अ‍ॅसिटोन अपेक्षित होते. मापक ०.१४ दाखवत होता.

तीन दिवस आम्ही मापकावर संशय घेतला, मग नमुना घेण्याच्या जागेवर, मग प्रवाहमापकांवर. सगळे तपासून झाल्यावर एक प्रस्ताव असा आला की पाणी १५ टक्क्यांनी वाढवावे. त्याने आकडा खाली आला असता हे खरे, पण कारण तसेच राहिले असते. मी कॉलम थांबवून वरचे मनुष्यद्वार उघडण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि आतली हवा सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावर पंखा बंद ठेवून केवळ पाणी सोडायला सांगितले.

पाणी वाटणारे ताट, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, ही साधी गोष्ट असते: सपाट ताट, त्याला छिद्रे, आणि छिद्रांतून पॅकिंगवर पडणाऱ्या धारा. आमच्या ताटाला १० मिलिमीटरची ५० छिद्रे होती. विजेरीच्या उजेडात मी आत वाकून पाहिले. दाराजवळच्या धारा जाड आणि सरळ पडत होत्या. पलीकडच्या भिंतीलगतच्या धारा बारीक होत्या, आणि त्यांतल्या दोन-तीन तर ताटाच्या तळाला चिकटून ओघळत शेजारच्या धारेत मिसळत होत्या. मापपात्र आणि घड्याळ घेऊन आम्ही छिद्रामागून छिद्र मोजले. प्रत्येकातून मिनिटाला २ लिटर पाणी पडायला हवे होते. दाराच्या बाजूला २.३ लिटर पडत होते, पलीकडे १.६५ लिटर. ताटावर पाणसळ ठेवली तेव्हा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १६ मिलिमीटरचा उतार निघाला.

ताट तिरके बसवले गेले होते, हे उघड होते. तरी १६ मिलिमीटरने इतका फरक पडावा, यात माझ्या आखणीचा वाटा मोठा होता आणि तो येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. छिद्रे गाळाने बुजू नयेत म्हणून मी ती मोठी ठेवली होती. छिद्रे मोठी असली की ताटात पाणी साचत नाही; आमच्या ताटात त्याची खोली अवघी २५ मिलिमीटर होती. छिद्रातून पडणारा प्रवाह या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २५ मिलिमीटर खोलीत १६ मिलिमीटरचा उतार आला की एका कडेला ३३ आणि दुसऱ्या कडेला १७ मिलिमीटर पाणी राहते, आणि दोन्हींच्या वर्गमुळांचे गुणोत्तर १.३९ होते. मापपात्राने जे दाखवले ते नेमके हेच होते. तीच छिद्रे ७ मिलिमीटरची असती, तर तेवढ्याच प्रवाहाला ताटात १०६ मिलिमीटर पाणी उभे राहिले असते, आणि तोच उतार दोन कडांमध्ये केवळ ८ टक्क्यांचा फरक करू शकला असता.

पण एका बाजूला पाणी कमी असले तरी दुसऱ्या बाजूला तितकेच जास्त आहे, मग सरासरीत ते भरून का निघत नाही? हा प्रश्न मला तेथेच विचारला गेला आणि त्याचे उत्तर मी त्याच रात्री कागदावर काढले. समान वाटणीत नेमके ०.१ टक्का देणारा, सात एककांचा कॉलम घेतला आणि त्याचे दोन उभे भाग कल्पिले. कोरड्या कडेला पाणी कमी झाल्याने शोषणाचा गुणक १.३३ वरून १.१० वर घसरतो आणि तेथून ०.१८७ टक्के अ‍ॅसिटोन असलेली हवा बाहेर पडते. ओल्या कडेला गुणक १.५३ होतो आणि तेथील हवेत ०.०६५ टक्के उरते. दोन्हींची सरासरी ०.१२६ टक्के. तोटा ०.०८७ चा आणि लाभ केवळ ०.०३५ चा. ओली बाजू फार तर शून्यापर्यंत स्वच्छ होऊ शकते, तेथून खाली जायला जागा नसते. कोरड्या बाजूला वर जाण्यास मात्र मोकळीक असते. हवाही पाणी कमी असलेल्या वाटेने अधिक प्रमाणात जाते, आणि कमी पाण्याने पॅकिंगचा पृष्ठभागही पुरता ओला होत नाही. ०.१४ चा उरलेला वाटा मी या दोन कारणांना देतो, कारण ती बाजू मोजणारे साधन आमच्याकडे नव्हते.

माझ्या सगळ्या सूत्रांत एक गृहीतक न लिहिता बसलेले होते: कॉलमच्या कोणत्याही आडव्या छेदात पाणी आणि हवा सर्वत्र सारख्याच प्रमाणात आहेत. सहा मीटर पॅकिंगची उंची मी दशांश चिन्हापर्यंत काढली होती, आणि ज्या ताटावर ते गृहीतक टिकून होते त्याची उंची-खोली मी दहा मिनिटांत ठरवली होती.

नवे ताट ७ मिलिमीटरच्या छिद्रांचे केले. छिद्रे बुजण्याची भीती खरी होती, म्हणून पाण्याच्या वाटेवर गाळणी बसवली आणि छिद्रे ताटाच्या तळापासून थोडी उंच, लहान नळ्यांत काढली, म्हणजे खाली बसणारा गाळ तोंडाशी येणार नाही. ताटाची कड ८० सेंटीमीटरच्या व्यासावर २ मिलिमीटरहून अधिक उतरती नसावी, अशी अट आराखड्यावर लिहिली, आणि पॅकिंगच्या वर ताट बसल्यावर प्रत्येक छिद्र मापपात्राने मोजल्याशिवाय मनुष्यद्वार बंद करायचे नाही, हेही लिहिले. ती मोजणी मी स्वतः केली. पन्नास छिद्रे, प्रत्येकी अर्धा मिनिट, आणि मध्ये पात्र रिकामे करण्याचा वेळ. दीड तासाच्या आत काम झाले. सर्वांत कमी धार मिनिटाला १.९६ लिटर होती, सर्वांत जास्त २.०५.

दुसऱ्या दिवशी हवा सुरू केली. कॉलम स्थिरावायला काही तास दिले, मग अर्ध्या-अर्ध्या तासाने नमुने घेतले. पाणी वाढवलेले नव्हते, पॅकिंग तेच होते, उंची तीच सहा मीटर. पहिला नमुना ०.०९४ टक्के आला, दुसरा ०.०९१, आणि त्यानंतरचे चारही ०.०९.